डाव्या पायाची मोजणी

पुण्याचा माणूस पिशवी घेऊन लोणावळ्याच्या गाडीत बसला की लोक एकच विचारतात, "हवापालट का?" मीही शेजाऱ्यांना "हो, हो" म्हणून टाकलं. खरं सांगायचं तर हवेशी माझं काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते माझ्या डाव्या पोटरीचं. रोज सकाळी मंडईकडे निघालो की अर्ध्या वाटेत ती आवळायची, आतून कुणी पिळा घालतंय असं वाटायचं, आणि मला कुठल्यातरी दुकानाच्या पाटीकडे बघत उभं राहावं लागायचं. दोन मिनिटं उभा राहिलो की सगळं छान. त्या वर्षी मी पुण्यातल्या पाट्या इतक्या बारकाईनं वाचल्या की बस्स.

मी बत्तीस वर्षं सरकारी मोजणीदार होतो. खांद्यावर नकाशाची गुंडाळी, पुढे साखळी ओढणारे दोन गडी, असा सबंध मावळ पायाखाली घातला. लोहगडाच्या पायथ्याची शेतं मोजताना दिवसातून तीनतीनदा चढ चढलोय. असल्या पायानं मंडईच्या वाटेत दगा द्यावा, याचा मला संताप यायचा.

डॉक्टरांनी पाऊल चाचपलं, घोट्यामागे बराच वेळ बोटं दाबून धरली आणि म्हणाले, "इथं नाडीच लागत नाही." मग मांडीचा फोटो काढला. फोटोत हाडाशेजारून दोन बारीक पांढऱ्या रेघा गेल्या होत्या, आगगाडीच्या रुळांसारख्या.

"रक्तवाहिनी अशी फोटोत दिसत नसते," डॉक्टर म्हणाले. "तुमची दिसतेय, कारण तिच्या भिंतीत चुना धरलाय. आतून तुंबलीये. पोटरीला रक्त पुरत नाही म्हणून ती चालताना ओरडते."

"मी जन्मात पान खाल्लं नाही हो," मी म्हणालो.

"सिगरेट?"

यावर मी फोटोकडे बघत राहिलो.

त्यांनी जे सांगितलं ते सौभाग्यवतींनी तिथल्या तिथे कागदावर उतरवून घेतलं. सिगरेट कायमची बंद. पायाला शेक द्यायचा नाही, तापतं काही लावायचं नाही. रोज सपाट वाटेवर दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, कळ गेली की पुन्हा चालायचं. किती चाललं की कळ येते ते आठ दिवस लिहून ठेवायचं. अंतर वाढलं तर उत्तम, औषधावर भागेल. पण कमी होत गेलं, तर एक दिवससुद्धा न दवडता मुंबईला जायचं. तिथे परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर होते. ते म्हणे जांघेत सुई टोचून रक्तवाहिनीत तार सारतात, तारेवरून एक नळी, त्या नळीवरून आणखी जाड नळी, आणि तुंबलेली जागा आतून रुंद करतात.

"तेव्हा मी कुठे असेन?" मी विचारलं.

"टेबलावर. जागे."

"आणि तेही नाही केलं तर?"

डॉक्टरांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "मोठं ऑपरेशन तुमच्या हृदयाला झेपणार नाही. मग पाय ठेवता येणार नाही." पाहुण्याला आणखी एक दिवस ठेवून घेता येत नाही म्हणतात, तितक्या सौजन्यानं म्हणाले.

पाय जाण्याची मला भीती होतीच. पण जागेपणी अंगात तार जाण्याची भीती त्याहून जास्त होती, हे आता कबूल करायला हरकत नाही. बाहेर आल्या आल्या मी मनाशी ठरवून टाकलं की माझं अंतर वाढणार. सरकारी मोजणीदारानं एकदा ठरवलं की ठरवलं.

मळवली, पहिला दिवस

मळवलीला माझ्या मेहुण्याचा एक बंगला आहे. वर्षातून चार दिवस तो तिथे जातो, आणि उरलेलं वर्ष पुण्यात बसून त्याविषयी बोलतो. बंगला सांभाळायला मारुती आणि त्याची बायको ठकूमावशी मागच्या दोन खोल्यांत राहतात. मारुती माझ्याच वयाचा, साठीच्या आसपासचा, उंच, वाळकुडा आणि बोलण्यात भलताच काटकसरी.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. भाताची कापणी उरकून खळ्यांवर झोडपणी चालली होती आणि आंबेमोहोराचा वास थेट स्टेशनपर्यंत आला होता. पुण्यात तांदळाला असा वास येतो तो फक्त वाण्याच्या बोलण्यात. मावशींनी तांदळाची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हुलग्याचं माडगं असं जेवण वाढलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. घरी दोन पोळ्यांवर हात आखडतो.

"सायेब, तुमी मला वळखलं न्हाई," मारुती ताटाशी पाणी ठेवत म्हणाला.

मी नाही म्हणालो.

"तुमी मोजनीचं सायेब. आमचं गाव तिकोन्याच्या अंगाला व्हतं. आता पान्याखाली हाय. धरनाच्या टायमाला तुमची साखळी आमच्या वावरातनं गेलती."

आता धरणाच्या वेळी मी किती शेतं मोजली त्याला गणतीच नाही. कुणाकुणाचे चेहरे ध्यानात ठेवणार? तरी माणसानं ओळख काढली की बरं वाटतंच. "मग, मोजणी बरोबर झाली होती ना?" मी जरा रुबाबात विचारलं.

"मोजनी झाली की," मारुती म्हणाला आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेला.

संध्याकाळी चालण्याचा शुभारंभ केला. बंगल्याच्या फाटकापासून एक बैलगाडीवाट भातखाचरांच्या कडेनं नदीकडे जाते. सपाट, सरळ, मोजायला फार सोयीची. आमच्या खात्याची साखळी तेहेतीस फुटांची. माझं एक पाऊल अडीच फुटांचं, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी तपासून घेतलेलं. तेव्हा तेरा पावलं झाली की एक साखळी. साधा हिशेब. बारा साखळ्यांवर पोटरीत गोळा आला. बांधावर बसलो, मारुतीनं हात दिला. वहीत लिहिलं: बारा.

कळ गेल्यावर पुन्हा पुढे चालायचं होतं, ते कागदावर स्पष्ट होतं. पण तोवर फाटकातून चहाचा वास आला. मी मागे वळलो. परतीचं चालणं हेही चालणंच, अशी मी त्या वाक्याची फोड केली.

लोणावळा, तिसरा दिवस

पहिले दोन दिवस मी सिगरेटला शिवलो नाही. दोन दिवस म्हणजे काही थोडे नव्हेत. तिसऱ्या दिवशी सकाळचं चालणं आटोपलं, वहीत "तेरा" असं लिहिलं, आणि या प्रगतीचा आनंद साजरा करायला लोणावळ्याला गेलो. एकच स्टेशन तर आहे.

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांखेरीज दुसरं काही आहे की नाही याचा शोध लावायला वेगळी मोजणी लागेल. दर दुकानावर "मूळ दुकान", "जुने दुकान", "हेच ते जुने दुकान". पोटरीमुळे मला दर शंभरदीडशे पावलांवर एका मूळ दुकानासमोर थांबावं लागत होतं, आणि दर थांब्याला दुकानदार हातावर चिक्कीचा तुकडा ठेवत होता. लाजेकाजेस्तव घ्यावं तर लागतं. तासाभरात माझ्याजवळ शेंगदाण्याची, तिळाची, खोबऱ्याची आणि काजूची अशी चार पाकिटं जमली. पाचव्या थांब्याला दुकान पानपट्टीचं निघालं. दोष माझा नाही, पोटरीचा. तिथेही लाजेकाजेस्तव घ्यावं लागलं.

ते पाकीट मी बंगल्याच्या विहिरीमागे कढीलिंबाच्या झाडाशी बसून उघडलं. पहिला झुरका घेतला आणि डोकं वर केलं तर ठकूमावशी समोर, कढीलिंब तोडायला आलेल्या.

"भाऊ, बाईसायबांनी कागद दिलाय माझ्यापाशी बी," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत न्हाई, पन ह्यांनी वाचून दावलाय. त्यात ह्ये न्हाई बसत."

"एकच, मावशी. जेवणानंतर पचनाला."

"अजून जेवन व्हायचंय भाऊ."

आमच्या सौभाग्यवतींची व्यवस्था अशी चोख असते. मात्र मावशींनी पाकीट काही मागून घेतलं नाही. परक्या पुरुषाच्या खिशाला हात कसा लावायचा, एवढाच त्यांचा अडसर होता आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

खंडाळा, चौथा दिवस

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा "तेरा". खरं म्हणजे बारा आणि वर काही पावलं होती, पण अर्ध्याच्या पुढचा आकडा पुरा धरायचा असा आमच्याकडे रिवाजच आहे. खुशीत एसटी पकडून खंडाळ्याला गेलो.

खंडाळ्याला मुंबईची माणसं दरी बघायला येतात. दरीच्या कडेपर्यंत जायला थोडं चालावं लागतं. किती, असं विचारलं तर हॉटेलचा पोऱ्या सांगतो, "हे काय, इथंच." मावळातलं "इथंच" म्हणजे काय चीज आहे हे मी नोकरीभर अनुभवलंय. ते अर्ध्या मैलाच्या आत कधी संपत नाही. मी मुकाट्यानं वाटेवरच्या बाकावर बसून घेतलं. बाकाच्या पाठीवर तो कुणी, कुणाच्या स्मरणार्थ दिला ते सात ओळींत कोरलं होतं. आपल्या लोकांना दुसऱ्याला बसवायचं झालं तरी आधी स्वतःचं नाव मांडून ठेवावं लागतं.

बसलेला म्हातारा म्हणजे सामान ठेवायची सोय, असं मुंबईच्या लोकांना वाटतं. "काका, जरा लक्ष ठेवाल?" म्हणत एकानं पिशवी ठेवली. त्याचं बघून दुसऱ्यानं थर्मास. तासाभरात माझ्याभोवती तीन कुटुंबांचं बिऱ्हाड झालं. एक नवी नवरी जाता जाता म्हणाली, "काका, तुम्ही नाही बघणार दरी?"

"बघितलीय," मी म्हणालो. "मोजलीयसुद्धा."

ती हसून पुढे गेली. मला मात्र हसू आलं नाही. समोर तीनशे पावलांवर कठडा होता, पलीकडे सगळी दरी उन्हात पडली होती, आणि मी पिशव्या राखत बसलो होतो. त्या बाकावर मला पहिल्यांदा पायाची खरी भीती वाटली. मग मी ती भीती वहीत न लिहिता तसाच परत आलो.

मळवली, पाचवा आणि सहावा दिवस

पाचव्या दिवशी सकाळी गारठा पडला. चालून आलो तर डावं पाऊल बर्फासारखं पडलं होतं, रंगही जरा निळसर. मावशींनी हात लावून पाहिलं आणि "आगं बया!" म्हणत चुलीतली वीट काढली, फडक्यात गुंडाळली, पायाखाली दिली. कागदावर शेक नाही असं लिहिलं होतं हे त्यांच्या ध्यानातून गेलं. माझ्या गेलं नव्हतं. पण प्रेमानं कुणी पाय शेकत असताना नियम काढणं हे सौजन्याचं नव्हे, असं म्हणून मी डोळे मिटले. दुपारभर झोपलो.

उठून पाहतो तर टाचेच्या कडेला रुपयाएवढा फोड. फडकं सुटून वीट कातडीला लागली होती. आणि मला पत्ता नव्हता! भाजलं, फोड आला, आणि मी घोरत होतो. मावशी कपाळाला हात लावून रडायला लागल्या. "माझ्या हातनं झालं, माझ्याच हातनं झालं."

मी त्यांच्यावर ओरडलो. म्हणालो, "रडायला काय झालं? दुखत नाहीये मला!" हे सांत्वन म्हणून बोललो खरा, पण मावशींचं रडणं वाढलं. न दुखणं हेच वाईट, हे तिथे कुणाला सांगावं लागलं नाही.

तरी सहाव्या दिवशी सकाळी मी हट्टानं चालायला निघालो. दात ओठ खात मोजली ती एकशे एकोणसत्तर पावलं. बरोबर तेरा साखळ्या. पहिल्या दिवसापेक्षा एक जास्त! बांधावर बसून वहीत सरळ "चौदा" लिहिलं, फोड धरून एक वाढीव. फोड घेऊन तेरा म्हणजे फोडाशिवाय चौदा होणारच की. मारुती शेजारी उभा होता.

"मारुती, अंतर वाढतंय बघ," मी म्हणालो. "मुंबई टळली."

मारुतीनं वहीकडे पाहिलं, मग वाटेकडे. "सायेब, थोडं म्होरं येता का? हात धरा माझा."

कळ ओसरल्यावर त्याच्या हाताला धरून पुढे गेलो. वीसपंचवीस पावलांवर वाटेच्या कडेला एक चपटा दगड मांडलेला होता. माती नीट दाबून, डगमगू नये असा बसवलेला. थोडं पुढे दुसरा. त्याच्या पुढे तिसरा. असे एकूण पाच. लांबून मला ते रोज दिसत होते. शेताच्या हद्दीचे दगड असतील असं मी धरून चाललो होतो. दगड दिसला की हद्द, हा आमच्या डोळ्यांचा धर्मच.

"हे कशाला?"

"तुमाला बसाया," मारुती म्हणाला. "आमच्याकडं भारा घिऊन येनाऱ्या बायांसाटी वाटंवर कमरंयेवडा धोंडा उबा करत्यात, भारा टेकवाया. मला वाटलं, सायेब बांदावर गवतात बसत्यात, किडूकमिडूक असतंय. म्हनून तुमी जितं बसला तितं दुसऱ्या रोजी दगड ठिवला. ह्यो म्होरचा पयल्या दिसाचा. त्याच्या अलीकडं दुसऱ्या दिसाचा. ह्यो अगदी जवळचा कालचा."

मी नुसता उभा राहिलो.

"रोज वाटायचं, आज सायेब दगडावर बसत्याल," मारुती म्हणाला. "पन तुमी अलीकडंच बसायचा. कालच्या दगडापत्तोर तुमी एकदा बी पोचला न्हाई."

मी बंगल्यावर परतलो, मावशींची कपडे वाळत घालायची दोरी सोडवली आणि बॅगेतली फूटपट्टी काढली. निवृत्त झालो तरी बॅगेत फूटपट्टी असतेच. तेहेतीस फुटांवर गाठ मारली आणि मारुतीला म्हटलं, धर टोक. फाटकापासून पहिल्या दिवसाच्या दगडापर्यंत बारा साखळ्या पुऱ्या. त्या दिवशी सकाळी मी बसलो होतो ती जागा आठ.

पावलं खोटी नव्हती. पावलं मी इमानानं मोजली होती. पाऊलच आखूड होत गेलं होतं. पायात कळ यायला लागली की माणूस आपोआप छोटी पावलं टाकतो, आणि मी अडीच फुटांच्या हिशेबानं आकडे मांडत बसलो होतो. साखळी रोज सकाळी पट्टीला लावून तपासायची, कड्या वाकतात, साखळी आखूड होते, मग सगळी मोजणी खोटी पडते. हे मी बत्तीस वर्षं नव्या पोरांना ओरडून सांगत आलो. एका पोराला यासाठी उन्हात उभा केला होता. आणि स्वतःचीच साखळी तपासायची राहून गेली.

"माजी मोजनी ही," मारुती म्हणाला. "तुमची वही काय म्हनती?"

मी वहीचं ते पान फाडलं. "मारुती, तार घालतात रे रक्ताच्या नळीत. जागेपणी. मला भीती वाटते."

तो पायरीवर टेकला. जरा विचार करून म्हणाला, "बांदातली मोरी तुंबली की आमी काय करतो? कळकाची बारकी काटी घालतो. मंग जरा जाड. पानी आपसूक जातंय. बांद फोडत न्हाई कुनी. त्यो डाक्तर त्येच करतोय न्हवं?"

एवढ्या मोठ्या डॉक्टरनं मला चित्रं काढून समजावलं होतं तेव्हा काही उमगलं नव्हतं. दुपारच्या गाडीनं मी मुंबई गाठली. स्टेशनापर्यंत मारुतीनं बैलगाडी आणली. मावशींनी डब्यात भाकऱ्या दिल्या आणि माझ्या खिशाकडे बघत हात पुढे केला. या खेपेला मी पाकीट काढून दिलं.

मुंबई

इस्पितळाचं वर्णन करून वाचकाला छळत नाही. टेबल गार होतं, दिवे मोठे होते आणि मी खरोखरच जागा होतो. जांघेत बधिर करायची सुई टोचली, त्यानंतर दुखलं नाही. नुसतं कुणीतरी आत चालतंय एवढं कळत होतं. डॉक्टर तरुण होते, आपल्याशीच बोलल्यासारखं सांगत होते. "तार चाललीय... मांडीत आली... इथं अडली." मग तार मागे घेऊन पुन्हा सारली. "चुना फार आहे. तार पुढे सरकत नाही."

"मग?" मी विचारलं.

"आणखी थोडं बघू. वरूनच सोडून द्यायला नको."

हे ऐकलं आणि मला एक दुपार आठवली. का आठवली, कोण जाणे. माणूस आडवा झाला, काही करता येईनासं झालं, की नको ते वर येतं. धरणाच्या मोजणीतलं तिकोण्याच्या अंगाचं एक शेत. खाली भाताची खाचरं, आणि वर टेपाडावर नाचणी-वरईचा एक लांबट तुकडा. उन्हाचा कडाका होता, पाटलाकडे पुरणपोळीचं जेवण मांडलेलं होतं. खालचं मोजून झालं. वर चढायचं तेवढं राहिलं. मी झाडाखाली बसलो, जुना नकाशा उघडला, त्यात तो तुकडा "पड, डोंगर" म्हणजे कुणाच्याच नावाचा नाही असा दाखवलेला होता, तसाच उतरवून घेतला आणि जेवायला गेलो. शेतकरी कोपऱ्यावर झेंडी धरून उभा असायचा, तसा वर कुणीतरी उभा होता. तेवढं मला दिसलं होतं.

"गेली," डॉक्टर म्हणाले. "तार पलीकडे गेली."

मग नळी, मग दुसरी नळी. थोड्या वेळानं माझ्या डाव्या पावलात मुंग्या आल्या आणि मग ऊब पसरली. वीट नाही, पाणी नाही, आतली ऊब. नर्सनं पावलावर बोटं ठेवली आणि हसून म्हणाली, "लागली नाडी." मला रडू आलं. डॉक्टरांना वाटलं दुखतंय.

टाचेचा फोड भरायला दीड महिना लागला, पण भरला. पाय राहिला. सिगरेटचं विचाराल तर सुटली. शप्पथ घ्यायला मावशी आहेतच.

तिकोणा पेठ

फेब्रुवारीच्या शेवटी मी पुन्हा मळवलीला गेलो. पत्र टाकलं होतं, त्यात पहिल्यांदाच "मारुतीआबा" असं लिहिलं. फाटकापासून चालत सुटलो तो पाचही दगडांवरून पुढे, नदीपर्यंत. पहिल्या दिवसाच्या दगडावर मात्र मुद्दाम बसलो. मावशी फाटकात उभ्या राहून बघत होत्या, तिथूनच त्यांनी दोन्ही हातांनी कडाकड बोटं मोडली.

"आबा, मला तुमचं वावर दाखवा," मी म्हणालो.

"पान्याखाली हाय की सायेब."

"सगळं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "न्हाई. सगळं न्हाई."

दुसऱ्या दिवशी एसटीनं तिकोणा पेठेला उतरलो. डोक्यावर किल्ला, समोर पवनेचं पाणी, निळं आणि स्वस्थ. त्या पाण्याखाली आबांचं घर, खाचरं, देऊळ. काठाकाठानं चालत अर्ध्या तासानं आम्ही एका टेपाडाच्या पायथ्याशी आलो. टेपाड कोरडं होतं. वर पिवळं गवत, एक पळस. पाणी त्याच्या पायापर्यंत येऊन थांबलं होतं.

मी चढायला लागलो. सवयीनं दर पन्नास पावलांवर पोटरीची चाहूल घेत होतो. काही नाही. दम लागला, तो वयाचा. पोटरी गप्प. वर पोचलो तेव्हा पलीकडून वारा आला. एवढाच चढ होता. एका पुरणपोळीच्या जेवणापायी मी न चढलेला चढ एवढाच होता.

"आबा," मी म्हणालो, "मोजणीच्या दिवशी मी इथे वर आलोच नव्हतो. जुन्या नकाशावरून उतरवलं. हा तुकडा तुमचा, आणि मी तो डोंगर म्हणून लिहिला. तुमच्या नावावर लागला नाही तो माझ्यामुळं."

"ठावं हाय," आबा म्हणाले.

"कसं?"

"झेंडी घिऊन मीच हितं उबा व्हतो न्हवं. दिस मावळंस्तवर. वाटलं, सायेब जेवून येत्याल."

एवढं ठाऊक असून या माणसानं माझ्यासाठी वाटेवर दगड मांडले होते.

"मग मळवलीला बोलला का नाहीत?"

"तवा तुमाला धा पावलं चालवत न्हवतं," आबा म्हणाले. "काय बोलायचं?"

मी पिशवीतून मावशींची दोरी काढली. तेहेतीस फुटांवरची गाठ तशीच होती. त्या मोजणीला आता कुठल्याही कचेरीत काडीची किंमत नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. निवृत्त माणसाची मोजणी, तीही कपडे वाळत घालायच्या दोरीनं.

आबांनी हात पुढे केला. टोक घेऊन ते टेपाडाच्या कोपऱ्यावर, जिथे तेव्हा उभे होते तिथे, जाऊन उभे राहिले. दोरी ताणली आणि मी चालू लागलो.